लाभार्थ्याचा फोटो

“बाकी सगळं ओके आहे, फक्त लाभार्थ्याचा फोटो मिसिंग आहे,” पडद्यावरचा हर्षद म्हणाला आणि शुभाच्या हातातला चहाचा कप टेबलावर जरा जोरातच टेकला. कुणाचं लक्ष गेलं नाही. मरोळच्या ऑफिसातली ती काचेची खोली, भर सप्टेंबरात हुडहुडी भरवणारा एसी, लॅपटॉप उघडून बसलेली पोरंपोरी. शौनक, म्हणजे तिचा साहेब, वयाने तिच्यापेक्षा चांगलाच लहान, मान डोलावत टिपून घेत होता. हर्षद फंडाचा माणूस. तो दिल्लीत बसायचा, पण मूळचा मुलुंडचा, त्यामुळे मीटिंगमध्ये मराठी बोलायचा आणि त्याबद्दल सगळ्यांनी त्याचे आभार मानावेत असा त्याचा एकंदर सूर असायचा. “प्रत्येक भट्टीबरोबर निदान एक लाभार्थी हवाच. भट्टीच्या जागेवर काढलेला, चेहरा स्पष्ट, शक्यतो हसरा. नमुना पोर्टलवर आहे ना.” नमुना शुभाला तोंडपाठ होता. हिरव्या साडीतली बाई, मागे चकचकीत भट्टी, भट्टीवर पातेलं, बाईचा अंगठा वर. “हर्षद,” ती म्हणाली, “आंबेखोलची भट्टी स्मशानातली आहे.” “हो मॅम, माहितीये ना.” “तिचा लाभार्थी मेलेला असतो.” कोपऱ्यात कुणाला तरी फिसकन हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात ढकललं. हर्षद हसला नाही. तो भला माणूस होता. त्याने खरोखर विचार केला, पेन गालावर आपटत केला, आणि मग विचारलं, “मग या आठवड्यात कुणी... म्हणजे, काही शक्यता? तिमाही शुक्रवारी क्लोज होतेय म्हणून विचारतो.”

शुभाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. राग आला की तो तिच्याआधी तिच्या कानांना कळायचा. शक्यता! जणू पाऊस पडेल का, असं विचारावं तसं विचारत होता. आंबेखोलमध्ये कुणी शुक्रवारच्या आत मरेल का, आणि मेलाच तर चेहरा स्पष्ट येईल का. आणि सगळ्यांत संताप याचा, की चूक हर्षदची नव्हतीच. खोलीत बसलेल्या सगळ्यांनी मिळून, हसतखेळत, ही वेळ आणली होती. छोट्या नगरपालिकांना, नगरपंचायतींना हवामानाच्या नावाने जगात कुठे कुठे पडून असलेला पैसा शोधून द्यायचा, हे त्यांच्या ऑफिसचं काम. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, “म्हंजे दलाली?” आणि बराच वेळ आणखी समजावल्यावर, “बरा. चांगली दलाली.” या चांगल्या दलालीतली सगळी कला एकच, प्रकल्प खान्यात बसवणं. गावाला हवं असतं एक, फंडाच्या अर्जात खाने असतात दुसरेच. मग पाण्याच्या पंपाला महिला सक्षमीकरणात बसवायचं, गटाराला जैवविविधतेत. स्मशानाला जगातल्या कुठल्याच फंडात खाना नव्हता. शेवटी ‘जैवइंधन भट्ट्या: आश्रमशाळा, वसतिगृहं, देवस्थानं व इतर’ असा एक सापडला आणि आंबेखोलचं स्मशान त्या ‘इतर’मध्ये सरकलं. त्या दिवशी शौनकने सगळ्यांना सामोसे मागवले होते. शुभानेही दोन खाल्ले होते. भुसा आणि पाला दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारी बंद भट्टी, तिचा पंखा सोलरवर, लाकूड जवळजवळ नाहीच. आता ती भट्टी तिथे उभी होती, वरचं छप्पर व्हायचं होतं, आणि शुक्रवारपर्यंत लाभार्थी दिसला नाही तर ‘वापरात नाही’ असा शेरा बसून छपराचे पैसे परत जाणार होते आणि भट्टी उचलून दुसऱ्या कुठल्या तरी गावी, एखाद्या आश्रमशाळेच्या आवारात जाणार होती. प्रेतांची भट्टी आश्रमशाळेत! यावर मात्र कुणाला हसू आलं नव्हतं, कारण हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मीटिंग पुढच्या गावाकडे सरकली, कुठल्याशा तलावाकडे, आणि शुभा काचेतून खाली बघत बसली. खाली रिक्षांच्या रांगा, पत्र्यावर निळं प्लास्टिक टाकलेलं एक गॅरेज, गॅरेजसमोर रचलेले जुने टायर. तिने टायरांवरून नजर काढून घेतली. दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, बाबा गेले. जन्मभर गिरणीत आणि घाटकोपरच्या चाळीत काढलेला माणूस, गिरणी बंद पडल्यावर हट्टाने आंबेखोलला परत गेला आणि तिथेच गेला. एकुलती एक मुलगी म्हणून अग्नी तिनेच दिला. गावाने त्यालाही नाकं मुरडली, पण पाऊसच असा होता की वाद घालायला कुणाला उसंत नव्हती. स्मशान म्हणजे नदीकाठचे चार खांब आणि गंजून चाळण झालेला पत्रा. लाकडं ओली. लाकडं नुसती ओली म्हणणंही कमी, ती भिजून फुगलेली होती, पिळली असती तर पाणी निघालं असतं. तूप झालं, राळ झाली, कुणीतरी साखर ओतली. जाळ उठायचा आणि बसायचा. भटजींनी घड्याळ बघितलं आणि गेले. चुलतभाऊ बाळा, नगरपंचायतीत स्वच्छता विभागाला होता, तो डिझेलचा कॅन घेऊन आला, आणि तेही पुरेना तेव्हा एसटी स्टँडमागच्या गॅरेजातून टायर. “ताय, तू घराक जा, तू बघू नको,” तो म्हणत होता. ती गेली नाही. तिने बाबांचा पाय बघितला. डावा, वाकड्या अंगठ्याचा, मशीनखाली सापडून वाकडा झालेला, लहानपणी ती ज्यावर बसून झोके घ्यायची तो. तो सगळ्यांत शेवटपर्यंत तसाच बाहेर राहिला, स्वच्छ, पावसाने धुतलेला. बाळाने काठीने तो आत सारला तेव्हा तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. संध्याकाळी घरी आली तर आई पडवीत बसलेली. “झाला?” आईने विचारलं. “झालं. नीट झालं,” शुभा म्हणाली आणि न्हाणीत जाऊन केस पुन्हा पुन्हा धुतले. केसांतून तो रबराचा वास आठवडाभर गेला नाही.

त्या रागावर तिने ही भट्टी उभी केली होती, हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यांनी त्याची गोष्ट करून ब्रोशरमध्ये घातली असती. किती दारं वाजवली तिने. एका बँकेच्या सामाजिक कामाच्या प्रमुख बाई, अंधेरीच्या हॉटेलात, समोर फळांचा डबा उघडून बसलेल्या, सगळं ऐकून म्हणाल्या, “कल्पना ब्युटिफुल आहे हो, पण आमचा लोगो कुठे लागणार?” भट्टीच्या दारावर लावा, असं शुभाच्या अगदी ओठांवर आलं होतं. दुसऱ्या एकाने विचारलं, उद्घाटन कसं करणार? फीत कोण कापणार आणि मग चालू करून काय दाखवणार? तिसऱ्याने सोलर झाड सुचवलं. लोखंडी खोड, वर पत्र्याची पानं, रात्री रंगीत दिवे, खाली सेल्फी पॉइंट. “लोकांना काहीतरी पॉझिटिव्ह द्या ना मॅडम.” असली झाडं ती रोज बघत होती. बोरिवलीच्या एका बागेत एक होतं, त्यातले निम्मे दिवे पहिल्या वर्षीच गेले आणि आता त्याच्या खोडाला लोक कुत्री बांधतात. जिवंत माणसाला फोटो काढायला झाड आणि मेलेल्याला जळायला टायर, असा या सगळ्या हवामानाचा हिशेब. आणि या लोकांचं बोलणं काय गोड! कुणी नाही म्हणत नाही. सगळे म्हणतात, आपण टचमध्ये राहू.

मीटिंग संपल्यावर शौनक तिच्या टेबलापाशी आला, खुर्ची ओढून उलटी बसला. “शुभाताई, चिडू नका ना. मला कळतंय ऑकवर्ड आहे.” “ऑकवर्ड नाहीये शौनक. अभद्र आहे.” “ओके, अभद्र. पण काम तर व्हायला पाहिजे ना यार. तुमचा तो बाळा आहे ना तिथे? त्याला सांगा, एक तिरडी ठेवायची भट्टीसमोर. वर पांढरं कापड. आत काय आहे कोण उघडून बघतंय? बाजूला दोन-चार माणसं उभी करायची, नातेवाईक म्हणून.” तो अगदी मनापासून बोलत होता, तिला मदत करायची म्हणून. याच पोराने तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी स्वतःहून सुट्टी दिली होती, हेही तिला आठवलं आणि त्या आठवणीचाच राग आला. वाईट माणसं असती तर किती सोपं झालं असतं. “कापडाखाली काय ठेवायचं?” तिने विचारलं. “उशा वगैरे. किंवा कुणीतरी झोपेल की दोन मिनिटं.” “तू येतोस झोपायला?” शौनकचा चेहरा पडला. “असं काय बोलता ताई, माझी आई ऐकेल तर...” आणि तो स्वतःच थांबला. त्याला खरोखर भीती वाटली होती. अपशकुनाची. आपण बोललो ते दुसऱ्याच्या गावाबद्दल चालत होतं आणि आपल्याबद्दल चालत नव्हतं, हे त्याच्या डोळ्यांत तिला लख्ख दिसलं, त्याला दिसलं की नाही कोण जाणे. शुभाने पर्स उचलली. रजा टाकली नाही, सांगितलं नाही, सरळ जिना उतरली.

रिक्षा आरेच्या रस्त्याला लागली तशी तिने बाळाला फोन लावला. “तायनू, मी कोणाक मरूक सांगू काय गो?” बाळा तिकडून वैतागला, कारण हर्षदच्या माणसाने त्यालाही सकाळपासून दोनदा पिडलं होतं. “आणि मेलेत त्येंचा काय! परवा कदमांचो म्हातारो गेलो. तेचे पोरगे वल्या लाकडांकडेच घेऊन गेले. भट्टीच्या दारावरसून गेले, तोंड फिरवून. डिझेल माझ्याकडेच मागल्यानी.” “पण का रे? भट्टीला काय काटे आलेत?” “पयलो नंबर ज्या घराचो, त्या घराक भट्टी सोडणा नाय, असा म्हणतत. मागोमाग आणखी न्हेता. दुसरो कोणतरी जावंदे पयल्यान, मगे आमी, असा सगळ्यांचा चल्लाहा.” शुभाने फोन कानापासून दूर धरला. बाजूने गोठ्यांचा वास येत होता, शेणाचा आणि ओल्या गवताचा, आणि रस्त्यावर झुकलेली मोठमोठी झाडं संथपणे मागे जात होती. एका देहामागे किती झाडं वाचतात, याचा तक्ता तिनेच करून दिला होता. वाचवा, खुशाल वाचवा. याच गावाने सभेत हात वर करून ठराव केला होता. बाबांच्या बाराव्याला याच कदमांचे मुलगे तिला म्हणाले होते, शुभाताय, तू मुंबैत मोठ्या ऑफिसात आसंस, कायतरी कर. तिने केलं. आणि आता गाव पहिला कोण म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलं होतं. फंडाला मेलेल्याचं हसणं हवं, गावाला दुसऱ्याच्या घरातला मेलेला हवा, आणि मधल्या मधे तिने दोन्हीकडे हात जोडायचे. तिला कुणाला तरी कडाकडा शिव्या द्यायच्या होत्या. तिने रिक्षावाल्याला उगाचच, मीटर जोरात का पळतंय म्हणून झापलं. त्या बिचाऱ्याने मीटरवर बोट ठेवून आकडा दाखवला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेने राग आणखी वाढला.

चारकोपच्या सेक्टरमधल्या दीड खोलीच्या घरात शुभाचा नवरा अजून कामावरून यायचा होता, आई एकटीच भिजवलेले कडवे वाल सोलत बसली होती. बाबांनंतर शुभाने तिला इथे आणलं ते एकाच अटीवर, आणि अट आईची होती. “जितेपणी तू ठेवशीत थय ऱ्हवान. मगे माका थयच न्हेवचा. तेंच्याकडे.” शेवटी आंबेखोललाच न्यायचं शुभाने कबूल केलं होतं, आणि तेव्हापासून आईच्या प्रत्येक खोकल्याबरोबर तिला नदीकाठचा तो पत्रा दिसायचा. “काय झाला गो? तोंड कित्याक असा?” “काही नाही.” तिने डबा ओट्यावर आदळला. मग पाणी प्यायली, आणि मग सगळंच बाहेर पडलं. हर्षद, हिरव्या साडीतली बाई, शुक्रवार, शौनकची तिरडी, कदमांचे मुलगे. ती बोलत होती आणि दीड खोलीत इकडून तिकडे फिरत होती, आणि आवाज एवढा चढला की समोरच्या घरातल्या रेवतीने दार किलकिलं करून बघितलं. आई वाल सोलत राहिली. सालं एका ताटलीत, डाळिंब्या दुसऱ्या. शुभा दमून थांबली तेव्हा तिने विचारलं, “म्हंजे पयल्यान जावक कोण तयार नाय.” “नाही.” “आणि फोटो मेल्याचोच होयो असा लिवलेला आसा?” “तसं नाही लिहिलेलं. लाभार्थ्याचा. ज्याला उपयोग होणार त्याचा.” “मगे माजो काढ.”

“आई, काहीतरीच बोलू नकोस,” शुभा ओरडली. या ओरडण्याला शौनकच्या ‘असं काय बोलता ताई’चाच सूर होता, आणि तो तिला स्वतःलाही ऐकू आला. आई हसली नाही, रडली नाही. तिने ताटली बाजूला सारली. “काहीतरीच काय त्येच्यात? माका थय जावचा आसा मां? तू कबूल केलंस मां? मगे उपयोग कोणाक, माका की त्या हिरव्या साडयेवाल्येक?” आणि मग, हात पुसता पुसता, आवाज न बदलता ती म्हणाली, “टायराचो वास घराकडे इल्लो त्या दिवशी. तू नीट झाला म्हणालंस. मी इचारूक नाय. पावसान तेंका धड जळूक दिल्यान नाय, ता माका म्हायत आसा.” शुभा पलंगाच्या कडेवर बसली. दोन वर्षं जपून ठेवलेलं ते ‘नीट झालं’ आईने कधीच उचलून फेकून दिलेलं होतं, आणि तरी तिला तसं कधी कळू दिलं नव्हतं. “मी जिती जावन थय उभी ऱ्हवतंय,” आई सांगत होती, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. “सगळ्या गावासमोर. पयलो नंबर माजो, मालनचो, लागलो म्हणान सांग बाळाक. मगे येतलो तो दुसरो. दुसऱ्याक कसला भय? माझ्या घरात आता न्हेवक आसा तरी कोण? तू हयली, लग्न झालेली, दुसऱ्या घराची.” “आणि तुला काही झालं तर?” “होतलाच कधीतरी. त्यासाठीच तर केलंस मां ता?”

आईने उठून तोंड धुतलं. विंचरलेलेच केस पुन्हा विंचरले, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला नीट खोचला, आणि खोलीभर नजर फिरवून लोखंडी कपाटासमोर जाऊन उभी राहिली. “ही तुजी भट्टी समज. आधी हय काढून बघ, बरो येता काय. रातच्या गाडयेन जावया, उद्या थय गर्दी होतली, मगे माका सुचूचा नाय.” शुभाने मोबाइल काढला. आज दिवसभर ज्या बोटांत राग उतरून बसला होता त्याच बोटांनी तिने आईला चौकटीत घेतलं. पडद्यावर आई एवढीशी दिसत होती, तिच्या कानाशी कपाटाची मूठ, मागे करड्या रंगाचं बंद दार, पायात घरातल्या स्लिपर. उद्या खरोखरच हे दार वेगळं असेल, आणि तिथे बाळा असेल, कदमांचे मुलगे तोंड फिरवून का होईना बघत असतील, आणि शुक्रवारी पोर्टल हा चेहरा तपासून हिरवी खूण देईल, छपराचे पैसे सुटतील, मीटिंगमध्ये टाळ्या वाजतील. कुणीतरी सामोसे मागवेल. एक दिवस भट्टीच्या त्याच दारातून ती आईला आत सोडेल, कोरडी, पूर्ण, आणि तेव्हा कुणालाही फोटो लागणार नाही. रडायचा मान आज ती कुणाला देणार नव्हती.

“हसूचा काय गो?” आईने विचारलं. “त्या बाईसारख्या?”

“नको,” शुभा म्हणाली. “अजिबात हसू नकोस, आई.”

“बरा,” म्हणून आईने ओठ मिटले आणि ती सरळ मोबाइलमध्ये, हर्षदकडे आणि शौनककडे बघत उभी राहिली.